पहिल्या रांगेची मीमांसा

मदतीच्या नाटकाचं तिकीट घ्यावं की नाही, हा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत येत नाही. ते घ्यावंच लागतं. पावतीपुस्तक घेऊन दारात उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एक जण आपल्या साडूचा मित्र असतो आणि दुसरा मुलीच्या शाळेत गणित शिकवतो. तिथं वाद संपला. शास्त्राचं काम सुरू होतं ते त्यापुढच्या वाक्यापासून: "साहेब, दोनशेचं आहेच, पण तुमच्यासाठी पाचशेचं पुढचं राखून ठेवलंय." हे पाचशेचं घेण्यात अर्थ आहे काय? सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात एसटी स्टँडवर, पतसंस्थेच्या रांगेत आणि लग्नाच्या पंगतीत या विषयाचा भरपूर खल झालेला असला तरी एकाही विद्यापीठानं तो अभ्यासक्रमाला लावलेला नाही. म्हणून हा प्रपंच.

आधी पाश्चात्त्य पूर्वपक्ष. तिकडे धर्मादाय कामासाठी बिअरचे मेळे भरवतात, आणि महागडं तिकीट घेणाऱ्याला तासभर आधी आत सोडतात. दुर्मीळ पिंपं लवकर संपतात, तेव्हा त्या तासाची किंमत पेल्यांमध्ये मोजता येते. (म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला तर आत जायला पैसेच पडत नाहीत, पण तो मूळचा १८१० सालचा राजपुत्राच्या लग्नाचा सोहळा, आणि लग्नाला तिकीट लावायचं धाडस अजून जर्मनांनाही झालेलं नाही.) आपल्याकडे वाचनालयाच्या छपरासाठी बिअर पाजणारा कार्यकर्ता जन्माला यायचाय. कायद्यानं बिअरला एकविसावं वर्ष पुरं लागतं आणि वर परवाना. शिवाय फलकावर कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो लावायचा असतो, त्याची पंचाईत. आपला मेळा नाटकाचा. आणि नाटक काही संपत नाही. पुढच्याला जेवढं दिसतं तेवढंच मागच्यालाही. मग पुढच्याला जास्त काय मिळतं?

याचं उत्तर इतिहासात दडलेलं आहे, आणि सुदैवानं तो इतिहास सांगलीतच घडला. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा तिकीट नव्हतंच. सर्वांत पुढे संस्थानिक चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन, आणि सगळा खर्च त्यांचा. म्हणजे मराठी रंगभूमीवरची पहिली प्रीमियम जागा ही अशी, की तिच्यावर बसणाऱ्यानं सगळ्या प्रेक्षागृहाचे पैसे भरले. अप्पासाहेब १८५१ साली गेले, आश्रय आटला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावं लागलं. १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले. राजा गेला आणि तिकीट आलं, असा हा सरळ कार्यकारणभाव आहे. ज्याला आपण तिकीट म्हणतो तो वास्तविक अप्पासाहेबांचा एक बारीक तुकडा. दोनशेवाल्याच्या वाट्याला त्यांची करंगळी येते, पाचशेवाल्याच्या वाट्याला फार तर पगडीचा काठ.

दुसरा टप्पा १९२१ चा. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या मालकांनी मुंबईच्या बालीवाला थिएटरात ८ जुलैला 'संयुक्त मानापमान' केलं. मदतीच्या प्रयोगांचा हा मेरुमणी. नाटककार खाडिलकर सांगलीचे, बालगंधर्वांचं नाव नागठाण्याशी जोडलेलं, म्हणजे प्रयोग मुंबईत झाला तरी त्यावर हक्क आमच्याच जिल्ह्याचा. सगळ्यात महाग तिकीट शंभर रुपयांचं होतं असं सांगतात, आणि तेव्हा शंभरात काही तोळे सोनं येत होतं. नाटकही कुठलं, तर गरीब म्हणून धैर्यधराला झिडकारणाऱ्या भामिनीचं! पैशानं माणसाची पायरी ठरवू नये, हे पाहायला लोक पैशानं पायऱ्या ठरवून बसले होते. आणखी एक बारकावा संशोधकांनी नजरेआड केलेला दिसतो: फंडात एक कोटी जमवायची मुदत होती ३० जून. प्रयोग आठ दिवस उशिरा झाला. पुढे मदतीच्या प्रत्येक कार्यक्रमाची तिसरी घंटा उशिरा होण्याचा प्रघात पडला, त्याचं मूळ इथं शोधायला हरकत नसावी.

आता वर्तमानकाळ. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या कुठल्याही नाट्यगृहात मदतीच्या प्रयोगाला जाऊन बघावं. पहिल्या दोन रांगांत पांढऱ्या कव्हरांचे सोफे. त्यांवर आमदार, माजी आमदार, होऊ घातलेले आमदार, साखर कारखान्याचे संचालक, पोलीस खात्यातले साहेब, त्यांच्या मिसेस आणि त्या मिसेसची भाची. यांतल्या एकानंही तिकीट काढलेलं नसतं. पाचशेवाला सुरू होतो तिसऱ्या रांगेपासून. यातून जो सिद्धांत निघतो तो प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातला मध्यवर्ती सिद्धांत होय: १८४३ मध्ये पहिल्या रांगेनं सगळं दिलं, १९२१ मध्ये पहिल्या रांगेनं सगळ्यांत जास्त दिलं, आज पहिली रांग काहीच देत नाही. उत्क्रांतीची दिशा स्पष्ट आहे. पुढच्या शतकात पहिल्या रांगेला बसण्याचे पैसे द्यावे लागतील, आणि काही ठिकाणी नारळ-शालीच्या रूपानं ते द्यायला सुरुवात झालेलीच आहे.

जागेच्या गुणदोषांबद्दल फार लिहीत नाही. तिसऱ्या रांगेतून नटांच्या चपला नीट दिसतात आणि प्रॉम्प्टरचं वाक्य नटाच्या आधी ऐकू येतं, त्यामुळे नाटक दोनदा पाहिल्याचं समाधान मिळतं. संगीत नाटक असेल तर ऑर्गनवाल्याची मान मध्ये येते. जाणकार सातव्या-आठव्या रांगेला पसंती देतात आणि ती दोनशेत मिळते. पण खरा निकष वेगळाच आहे, तो म्हणजे बटाटेवडा. बिअरच्या मेळ्यात पिंप संपतं, तसा इथं मध्यंतरात वडा संपतो. साऱ्या कार्यक्रमात संपणारी वस्तू ती एकच. पडदा पडला की दाराजवळचा दोनशेवाला चार ढांगांत स्टॉलवर पोचतो. तिसऱ्या रांगेतला माणूस गुडघे चुकवत, ओळखीच्यांना नमस्कार करत, "वहिनी कशा आहेत?" विचारत बाहेर येतो तोवर कढईत चुरा उरलेला असतो. सोफ्यावरच्यांना वडा बशीतून जागेवर येतो, चटणीसकट. म्हणजे फुकट बसणाऱ्याला वडा, दोनशेवाल्याला वडा, आणि सर्वाधिक रोकड मोजणाऱ्याला चुरा. भरपाई म्हणून काही समित्या पाचशेच्या प्रवेशिकेसोबत भडंगाचा पुडा किंवा कंदी पेढा देतात. कृष्णाकाठ आणि सातारा यांचा हा समन्वय स्तुत्य आहे, पण शांत प्रसंगात भडंगाचा आवाज होतो.

करशास्त्राची बाजू थोडक्यात. नाटकाच्या तिकिटाला पाचशे रुपयांपर्यंत जीएसटी माफ आहे, त्यामुळे पाचशे हा आकडा थेट परब्रह्मासारखा करातीत आहे; पाचशे एकचा शुभशकुन मात्र महागात पडतो. 'देणगीमूल्य' असं छापलं म्हणून कुणी ८०जीच्या आयकर सवलतीची स्वप्नं पाहू नयेत. खुर्ची मिळाली, पेढा मिळाला, तिथंच दानाचा सौदा झाला.

सातारकर या ठिकाणी आक्षेप घेतील, आणि तो सबळ आहे. भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंड गोळा केला, तो घराघरांतून मूठमूठ धान्याचा. त्यात पुढची रांग कुठली? मूठ ती मूठ. पैलवानाच्या घरची मूठ मोठी आणि मास्तरांच्या घरची लहान, एवढाच काय तो वर्गभेद, आणि तोही देणाऱ्याच्या हाताप्रमाणे, घेणाऱ्याच्या छापखान्याप्रमाणे नव्हे. गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट याहून अवघड. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जायला लोकांनी वर्गणी काढली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार उभे केले. पठ्ठ्या कांस्यपदक घेऊन आला, आणि मग कुस्त्या मारून त्यानं प्राचार्यांचं घर सोडवलं. मदतनिधी ज्यानं घेतला त्यानंच परत आणून दिला, असं दुसरं उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. आमच्याकडे निधी घेणारं छप्पर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळतं आणि पावतीपुस्तक पुन्हा दारात येतं.

तरीही पाचशेचं घेऊ नये असा निर्णय देता येत नाही, कारण गणिताचे सर समोर उभे आहेत आणि सहामाही जवळ आली आहे. तेव्हा व्यवहार असा करावा. पाचशेचं एक घ्यावं आणि दोनशेचं एक. पाचशेचं सासूबाईंना द्यावं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे प्रॉम्प्टरचा उपयोग होतो, आणि वडा त्या तसाही खात नाहीत. आपण दोनशेचं घेऊन दाराजवळ बसावं. सातशे रुपये झाले हे खरं, पण दोन पावत्या फाडणारा माणूस समितीच्या वहीत ठळक अक्षरांत चढतो. दोन-तीन वर्षं हा क्रम पाळला की नाव 'सन्माननीय' या सदरात जातं, आणि तिथून सोफा, बशी, चटणी हे सगळं ओघानं येतं. सोफ्यावर बसणाऱ्याला मध्यंतरात स्टेजवर जाऊन दोन शब्द बोलावे लागतात, तेवढी तयारी मात्र आताच करून ठेवावी. बशीतला वडा तोवर गार होतो.