हेल्मेटवाले सर

सायकलला स्टँड नाही, कॅरिअर नाही, मडगार्ड नाही, चेनकव्हर नाही, घंटीसुद्धा नाही. आणि किंमत पंच्याऐंशी हजार. हा हिशेब वैजापूरच्या बाजारात अजून कुणाला पटलेला नाही. “सर, एवढ्या पैशात निदान स्टँड तरी द्यायला पाह्यजे होता त्यांनी,” हे किराणा दुकानदारापासून साडूपर्यंत सगळ्यांचं बोलून झालंय. सर प्रत्येकाला शांतपणे सांगतात, “स्टँडनं वजन वाढतं.” मग समोरचा सरांच्या पोटाकडे बघतो. बोलत काही नाही, पण बघतो.

हेल्मेटवाले सर हा कुणी एकच माणूस नव्हे. वैजापुरात ते ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवतात, गंगापुरात त्यांचं मेडिकल आहे, येवल्यात ते दातांचे डॉक्टर आहेत आणि कोपरगावात बियाण्यांचे डीलर. वय पंचेचाळीस ते पंचावन्न. शुगर काठावर निघाली, डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं, एवढाच या प्रकरणाचा उगम. पण त्याच सुमारास कुणीतरी नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांची गोष्ट सांगितली. २०१५ साली या दोघांच्या संघानं ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पुरी केली. दोघंही डॉक्टर, संसारी माणसं, आणि नाशिक म्हणजे तर शेजारचाच जिल्हा. सरांनी चालण्याचे बूट मुलाला देऊन टाकले.

आता गंमत अशी, की सायकल सरांना नवी नाही. त्यांच्या पिढीचा प्रत्येक मुलगा वडिलांच्या चोवीस इंची सायकलवर दांड्याखालून पाय घालून कैची शिकला, ढोपरं फोडून घेतली, पुढं डबलसीट शाळेत गेला. नोकरी लागली तशी सायकल सुटली. स्कूटर आली, मोटारसायकल आली, हप्त्यावर चारचाकी आली. सायकल दूधवाल्याकडं आणि पेपरवाल्याकडं राहिली. त्यामुळे सरांची आजची सगळी धडपड एकाच गोष्टीसाठी आहे: आपण सायकल चालवतो ती मोटारसायकल परवडत नाही म्हणून नव्हे, तर सायकल परवडते म्हणून, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला लांबूनच कळलं पाहिजे. हेल्मेट, काळा गॉगल, बोटं उघडी टाकणारे हातमोजे, मागं तीन खिशांची भडक पिवळी जर्सी आणि खाली ती गादी शिवलेली घट्ट चड्डी हा सगळा त्या खुलाशाचाच मजकूर आहे. चड्डीबद्दल आईचं म्हणणं वेगळं आहे. “अरे, वरून काहीतरी घाल की,” ती म्हणते. सर पहाटे पाचलाच निघतात याचं निम्मं कारण ऊन आणि निम्मं आई.

खुलासा मात्र कुणी वाचत नाही. येवला रस्त्याला लागेपर्यंत दोघं तरी हटकतात. “सर, रोटेगावला गाडी गाठायची का? बसा, सोडतो.” वैजापूरकरांचं रेल्वे स्टेशन रोटेगावला, तेव्हा पहाटे घाईत दिसलेला माणूस स्टेशनलाच निघालेला असणार. पुढं चढावर कुणी ट्रॅक्टरवाला वेग कमी करून विचारतो, “गाडी बंद पडली का?” आणि सर्वात जिव्हारी लागणारा प्रश्न कांद्याच्या पिकअपमधून येतो: “विकली का मोटारसायकल?”

जुलैत सरांचा मूड वेगळा असतो. टूर द फ्रान्स चालू असते. ही शर्यत १९०३ पासूनची, आणि सरांना ती सायकलींपेक्षा हेलिकॉप्टरमधून दिसणाऱ्या फ्रान्ससाठी आवडते. नदीचं खोरं, उतारावर द्राक्षांच्या ओळी, मध्येच एखाद्या जुन्या चर्चचा मनोरा. स्टाफरूममध्ये त्यांची दोन व्याख्यानं ठरलेली आहेत. एक इटलीतल्या गिझालो टेकडीवरच्या मॅडोनाचं, जिला १९४९ साली पोपनी सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. दुसरं फ्रान्सच्या आर्मान्याक भागातल्या एका चॅपलचं. द्राक्षमळ्यांच्या मुलखातलं हे छोटं चॅपल १९५९ पासून सायकलस्वारांचंच म्हणून ओळखलं जातं, आणि आत नामांकित स्वारांच्या जर्सी टांगलेल्या आहेत. “काय संस्कृती आहे बघा,” सर म्हणतात. भूगोलाचे मास्तर पेपर तपासता तपासता म्हणतात, “आपल्याकडं जर्सी टांगायला दोरी आहे.”

म्हणून सरांनी फ्रान्स इथंच शोधायचं ठरवलं. खोऱ्याची अडचण नव्हतीच. गावाजवळच्या नारंगी नदीत पाण्यापेक्षा वाळूच जास्त, पण तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. काठचे लोक तिला गोदावरी म्हणत नाहीत, गंगा म्हणतात, आणि तो पट्टा गंगथडी. सराला बेट, समोरच्या तीरावर चांगदेवांची समाधी असलेलं पुणतांबं, दोन्ही बाजूंना ऊस. सर या राईडला ‘गोदा व्हॅली’ म्हणतात. हिवाळ्यात ऊसवाहतूक सुरू झाली की व्हॅलीत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्या आवाजात गाणी लावून येतात आणि रस्त्यावर उसाची कांडी सांडत जातात. तेवीस मिलिमीटरच्या टायरखाली उसाचं कांडं आलं की काय होतं, हे टूर द फ्रान्सच्या कुठल्याच समालोचकानं सरांना सांगितलेलं नाही.

पंक्चर झालं की खरी परीक्षा. या सायकलींच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, पेन्सिलीच्या टोकाएवढा. गावातल्या पंक्चरवाल्याचा पंप त्यावर बसत नाही. तो आधी व्हॉल्व्हकडे बघतो, मग सरांकडे बघतो, मग आतल्या पोराला हाक मारतो, “ये, हे बघ काय आणलंय.” सर खिशातून पितळेची इवलीशी जोडणी काढतात, फिरवून बसवतात आणि म्हणतात, “शंभर भरा.” पंक्चरवाला हात जोडतो. एवढी हवा तो ट्रकला भरतो.

द्राक्षांसाठी मात्र पश्चिमेला जावं लागतं. येवला ओलांडून विंचूर, पुढं निफाड. एके काळी या रस्त्यावर राज्याची हद्द होती. येवला इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, तर वैजापूर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं. आता हद्दीची खूण उरलेली नाही, तरी सर अंदरसूलच्या अलीकडं मोबाईलला ‘मराठवाडा समाप्त’ असं सांगून फोटो काढतात. विंचूरला सरकारनं खास वाईन पार्क उभारलं, आणि २००१ च्या धोरणानंतर नाशिक जिल्ह्यात वायनरी वाढत गेल्या. सर स्वतः घेत नाहीत. पण वाईनच्या पाटीखाली सायकल टेकवून काढलेला एक फोटो त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. सासऱ्यांच्या गळ्यात माळ आहे. वाईन टेस्टिंग आणि दारू यांतला फरक त्यांना पटवण्यात सरांची पाऊण तासाची विश्रांती गेली.

शिवाय निफाडचा मळा म्हणजे टीव्हीतला मळा नव्हे. इथं बहुतेक माल खायच्या द्राक्षांचा. थॉमसन, सोनाका. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि मधला सगळा वेळ डाऊनी आणि भुरी या रोगांशी मारामारी. डिसेंबरात पारा उतरला की मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, आणि सरांच्या छातीत ताज्या हवेऐवजी धूर भरतो. एकदा पावसाळ्यात ते बागेच्या कडेला उभे राहून दीर्घ श्वास घेत होते, तेवढ्यात पलीकडच्या ओळीतून ब्लोअरचा ट्रॅक्टर आला. जर्सीवर निळसर ठिपके उमटले. बागाईतदारानं ट्रॅक्टर थांबवून माफी मागितली, “काही नाही सर, बोर्डो आहे.” मोरचूद आणि चुन्याचं हे मिश्रण मिलार्दे नावाच्या प्राध्यापकानं फ्रान्समधल्या बोर्डोच्याच मळ्यांमध्ये डाऊनीवर उपाय म्हणून शोधून १८८५ साली जाहीर केलं होतं. सरांना बोर्डो भेटलं ते असं. ती जर्सी त्यांनी आठ दिवस धुऊ दिली नाही.

चर्चची कथा याहून गमतीची. सर हरेगावला जाऊन आले होते. श्रीरामपूर तालुक्यातल्या या गावात सप्टेंबरमध्ये मतमाउलीची मोठी यात्रा भरते. सर नेमके यात्रेच्याच दिवशी गेले आणि पायी चाललेल्या गर्दीतून सायकल हातात धरून चालत राहिले. मोबाईलवर सरासरी वेग ताशी चार किलोमीटर दिसला. ती राईड त्यांनी पुसून टाकली. नाशिकचं शरणपूरही त्यांच्या यादीत आहे. चर्च मिशनरी सोसायटीनं १८५४ मध्ये वसवलेली ती वस्ती. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं शिकली, आणि डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत पोचवणाऱ्यांत तिथलाच जेकब वेनराइट होता. हे सगळं सर घडाघडा सांगतात. पण त्यांच्या स्वतःच्या वैजापूर तालुक्यातल्या घोगरगावातून ते कित्येक रविवार मान खाली घालून, हँडलवर वाकून, घड्याळाकडे बघत सुसाट निघून जात.

एका सकाळी तिथंच चेन उतरली. हात काळे करत बसलेल्या सरांजवळ एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले.

“कुठून आले?”

“वैजापूर.”

“समाधीला आलते का?”

“कुणाच्या?”

“जाकीएल बाबाच्या.”

म्हातारबाबांनी सांगितलं ते असं. फादर गुरिअन जाकिए हे फ्रेंच मिशनरी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथं आले, तेव्हा मुलूख निजामाचा होता. गोरगरिबांत राहिले, इथलेच झाले. लोकांच्या तोंडी त्यांचा जाकीएल बाबा झाला, आणि आजही सगळ्या जातिधर्मांची माणसं त्यांच्या समाधीला येतात. ते ज्या संघाचे, तो सेंट फ्रान्सिस द सेल्सच्या नावाचा संघ फ्रान्समधल्या अ‍ॅनसी गावचा. अ‍ॅनसी म्हटल्यावर सर ताडकन उठले. “तिथं टूर जाते!” ते म्हणाले. २००९ सालची अ‍ॅनसीची टाइम ट्रायल त्यांना पाठ होती. म्हातारबाबांना टूर ठाऊक नव्हती. त्यांनी सरांच्या काळ्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाले, “मग येत जा. रोज तर इथूनच पळता.”

सरांच्या आयुष्यात दोन दुःखं आहेत. पहिलं समृद्धी महामार्ग. तालुक्यातला सर्वांत गुळगुळीत रस्ता, जांबरगावला चढायची सोय, नागपूरपासून मुंबईच्या दारापर्यंत ७०१ किलोमीटर. आणि दुचाकीला मनाई. मोटारसायकललाच नाही, तिथं सायकलला कोण विचारतो? सर पुलाखालच्या खड्ड्यांतून जाताना वर मान करून आवाज ऐकतात.

दुसरं दुःख ब्रेवेचं. ही फ्रान्समधून आलेली सायकलिंगची शिस्त: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. शर्यत नाही, पहिला नंबर नाही. वाटेतल्या ठरलेल्या ठिकाणी आपण गेलो होतो याचा पुरावा मात्र हवा. जिथं शिक्का मारायला माणूस नसतो तिथं एटीएमची पावती चालते, कारण तिच्यावर गाव आणि वेळ छापलेली असते. आता, ग्रामीण भागातल्या एटीएममध्ये एक तर पैसे नसतात, नाहीतर कागद नसतो. सर रात्री अकरा वाजता चड्डी-हेल्मेटमध्ये एटीएमच्या केबिनमध्ये शिरतात, तीनदा कार्ड घालतात, मशीनला हात जोडतात. वॉचमन शिट्टी हातात घेऊन काचेबाहेर उभा असतो. महिनाअखेरी पासबुक भरून आणलं की त्यात वेगवेगळ्या गावांतून शंभर-शंभर रुपये काढलेले दिसतात, तेही मध्यरात्री. सरांच्या बाईंनी हे पासबुक एकदा भावाला दाखवलं होतं.

बाईंची मूळ तक्रार मात्र पैठणीची. नवरा रविवारी उठून येवल्याला जातो, जिथं गल्लोगल्ली माग आहेत, आणि पैठणी न आणता परत येतो. “खिशात बसत नाही,” सर म्हणत. तीन खिसे: एकात दोन केळी, एकात मोबाईल, एकात विंडचीटर. शिवाय वजन. टायरची नवी जोडी मागवली तेव्हा मात्र बाईंनी पावती वाचली आणि काही बोलल्या नाहीत. पुढच्या शुक्रवारी सर कॉलेजातून आले तर पलंगावर मोरपंखी पदर पसरलेला.

“कुणी आणली?”

“मीच. एसटीनं गेले, एसटीनं आले.”

सरांनी पदराला हात लावला नाही, किंमतही विचारली नाही. “जाताना किती वेळ लागला?” त्यांनी विचारलं.

“सव्वा तास.”

सरांनी डोळे मिटून तोंडातल्या तोंडात भागाकार केला आणि म्हणाले, “ताशी पंचवीसच्या आत. समोरून वारा होता का?”