दोनशे खोके

ढाणकीतल्या त्या कृषी केंद्रात शिरलं की डावीकडे सोयाबीनच्या बियाण्याच्या थैल्या, उजवीकडे फवारणीची औषधं आणि समोर गल्ल्यावर भाऊ. भाऊंच्या डोक्यावर पोटमाळा. गिऱ्हाइकांचा समज असा, की वर मागल्या हंगामाचा माल पडलाय. वर पडलंय ते दुसरं महायुद्ध. स्पिटफायर, मेसरश्मिट, लँकेस्टर, जपानी झिरो, दोन-चार युद्धनौका, सगळं सुट्या भागांत, आपापल्या खोक्यात आणि शक्यतो कधीच न उघडलेलं.

भाऊंचं नाव सांगत नाही. गावात त्यांना नावाने फारसं कुणी ओळखतही नाही, ‘इमानवाले भाऊ’ म्हटलं की शेंबडं पोरही दुकान दाखवतं. शिवाय नाव सांगितलं की ही एकट्या भाऊंची गोष्ट होईल. तिकिटं जमवणारा, नाणी जमवणारा इसम तालुक्याला एखादा असतोच आणि त्याला लोक मानतातही. जुन्या प्लॅस्टिक किटवाल्याचं तसं नाही. त्याचा छंद आधी समजावून सांगावा लागतो आणि समजला की लोकांच्या मनात त्याच्याविषयी जो काही आदर असतो तो जातो.

तरी सांगतो. विमान, रणगाडा, जहाज जसं असेल तसं, मापात लहान करून त्याचे भाग प्लॅस्टिकमध्ये ओततात. ते भाग एका चौकटीला चिकटलेले असतात. कापायचे, घासायचे, डिंकासारख्या द्रवाने जोडायचे आणि रंगवायचे. विमानांचं लाडकं माप म्हणजे बहात्तरास एक, म्हणजे सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. भाऊ स्वतः पाच फूट चार इंच. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने ते एक इंचही भरत नाहीत, आणि हे ते अभिमानाने सांगतात.

या छंदात दोन जाती. एक जुळवणारे, दुसरे जपणारे. जुळवणारा माणूस बोटांना चिकटलेलं निस्तरत बसतो, त्याच्या शोकेसमध्ये निदान काहीतरी दिसतं. जपणारा मात्र खोका आला की तो कानाशी धरून हलवतो, आत भाग वाजले की समाधानाने मान डोलावतो आणि खोका माळ्यावर ठेवतो. संपला छंद. भाऊ अर्थातच जपणारे. वरच्या चकचकीत कागदाचं मूळ वेष्टन शाबूत असेल तर ते खोक्याला दोन्ही हातांनी उचलतात, एरवी खताची गोणी एका हाताने फेकणारा माणूस.

एकदा बियाणं न्यायला आलेल्या एका शेतकऱ्याने माळ्याकडे बोट दाखवून विचारलंच.

“भाऊ, हे इमान उडते काय?”

“नाही.”

“चाबी देल्यावर चालते?”

“नाही.”

“मंग जुळवून शोकेसमंदी ठेवता?”

“जुळवलं की किंमत जाते हो. खोका फोडला तरी निम्मी जाते.”

शेतकऱ्याने हातातल्या थैलीकडे पाहिलं. “असं म्हना ना. बियान्याच्या थैलीवानी हाय. फोडली का तुमी वापस घेत नाई.”

आजवर या विषयावर इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही. भाऊंनी त्याला थैलीमागे वीस रुपये कमी केले.

गावात मात्र खोक्यांनी भलताच घोळ घातला. राजकारणात खोका म्हणजे एक कोटी, त्यामुळे २०२२ सालापासून महाराष्ट्रात हा शब्द तसा जपूनच वापरावा लागतो. नगरपंचायतीच्या निवडणुकीच्या गप्पा चालू असताना कुणीतरी सहज विचारलं, “भाऊ, तुमच्याकडं किती खोके असतीन?” भाऊ प्रामाणिकपणे म्हणाले, “दोनशेच्या वर.” विचारणारा खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्यानंतर दोन पक्षांची माणसं तिकीट देऊ करायला येऊन गेली.

भाऊंना देवळापेक्षा किटांच्या कंपन्यांचा इतिहास अधिक पाठ आहे. लंडनमध्ये निकोलस कोव्ह नावाच्या हंगेरीहून आलेल्या गृहस्थाने १९३९ मध्ये एअरफिक्स काढली. आधी हवेने फुगणारी रबरी खेळणी, मग कंगवे. १९५२ मध्ये गोल्डन हाइंड नावाचं छोटं जहाज पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकायला ठेवलं आणि तिथून पुढे ब्रिटनमधल्या पोरांचे शनिवार या कंपनीने घेतले. १९५३ मध्ये पहिलं विमान आलं, स्पिटफायर, फिकट निळ्या प्लॅस्टिकमध्ये, अंगावर बीटीके ही अक्षरं. त्या पिशवीचं नाव निघालं की भाऊ एरवी फक्त सासऱ्यांच्या बाबतीत काढतात तो आवाज काढतात. खोक्यावरची चित्रं काढणारा रॉय क्रॉस तर त्यांच्या बोलण्यात असा येतो, जणू बिटरगावचा पाहुणा. १९६४ ते १९७४ या दहा वर्षांत त्याने काढलेली विमानं खोक्यावर जळतात, धडाडतात, खाली समुद्र फेसाळतो. पुढे खेळण्यावर हिंसा नको म्हणून काही चित्रांतले बॉम्ब आणि ज्वाळा पुसून टाकल्या गेल्या. त्यामुळे संग्राहकांच्या बाजारात आग लागलेल्या विमानाला न लागलेल्यापेक्षा जास्त भाव. पीकविम्याच्या कागदपत्रांत बुडालेल्या गावाला हे कसं पटावं?

भाऊंचा खरा शत्रू आहे तो ढाणकीचा उन्हाळा. पैनगंगेच्या या काठावर मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते इंग्लंडातल्या संग्राहकाला कळणार नाही. माळ्यावर कूलर लावला तर पुठ्ठा सादळतो. नाही लावला तर स्पिटफायरचे पंख वाकतात. पावसाळ्यात कसर लागते. भाऊंनी सगळे उपाय केले. खोक्यांत कडुलिंबाचा पाला घातला, तांदळाच्या पुरचुंड्या ठेवल्या, त्या तांदळासाठी उंदीर आले, उंदरांसाठी मांजर पाळलं आणि मांजर लँकेस्टरच्या खोक्यावर व्यालं. त्या पिलांना घरात अजून ‘बॉम्बर’ म्हणतात.

एका बाबतीत मात्र ढाणकीने इंग्लंडला धूळ चारली आहे. जुन्या किटमधले चिकटवायचे छापील शिक्के, म्हणजे विमानाचे आकडे आणि चक्रं, काळाने पिवळे पडतात. कुणा पाप्याने आधीच खोका उघडलेला असेल तर ते शिक्के पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवतात. उन्हाने पिवळेपणा उडतो. तिकडच्या ढगाळ हवेत याला आठवडेच्या आठवडे लागतात. इथे भाऊ सोमवारी लावतात आणि बुधवारी काढून घेतात. बाहेरून बघणाऱ्याला दुकानाच्या काचेवर ब्रिटिश हवाई दलाची चिन्हं दिसतात. एका बुजुर्गाने काळजीने विचारलं होतं, “वापस आले का बे?”

आता ट्रॅक्टरचं सांगायलाच हवं, कारण त्यामुळे भाऊंची पत गेली.

१९४९ मध्ये एअरफिक्सने फर्ग्युसन ट्रॅक्टरचं विसास एक मापाचं मॉडेल केलं होतं, फर्ग्युसनच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला म्हणून. आधी ते जुळवलेलंच देत. पुढे सुट्या भागांत विकायला काढलं. सगळ्या किटांचा मूळपुरुषच म्हणा. ते एका ब्रिटिश लिलावात निघालं. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. भाऊ मोबाइल घेऊन माळ्यावर बसले, कारण खाली वहिनी झोपल्या होत्या आणि नेटवर्कही वरच येतं. बोली चढत गेली. शेवटच्या मिनिटाला रेंज गेली आणि ट्रॅक्टरही गेला.

सकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, “काऊन भाऊ, तोंड उतरलं?”

“ट्रॅक्टर गेला,” भाऊ म्हणाले. “लिलावात गेला.”

यवतमाळ जिल्ह्यात हे वाक्य असं मोठ्याने बोलायचं नसतं. दहा वाजेपर्यंत दुकानापुढे चपलांचा ढीग. एकाने बँकेचं नाव विचारलं. दुसऱ्याने सोसायटीत कोण ओळखीचं आहे ते सांगितलं. तिसरा, जो भाऊंचं तीन हंगामांचं देणं लागत होता, त्याने पहिल्यांदाच पाचशे रुपये काढून हातावर ठेवले आणि म्हणाला, “नांगरटीले माहा घेऊन जा, डिझल तेवढं टाका.” जप्तीतली वाहनं घेणारा एक दलाल मागच्या दाराने येऊन मॉडेल कुठलं ते विचारून गेला. “एकोणपन्नासचं,” भाऊ म्हणाले, तो तसाच परत फिरला. वहिनी आतून बाहेर आल्या त्या एवढंच विचारायला, की आपल्याकडे ट्रॅक्टर होता कधी?

मग भाऊंनी खरं सांगितलं. ट्रॅक्टर तळहातावर मावेल एवढा. प्लॅस्टिकचा. चालत नाही. आणि अजून घेतलाही नव्हता. जमलेली माणसं बराच वेळ काही बोलली नाहीत. पाचशेवाल्याने पाचशे परत घेतले. बियाण्याच्या कंपनीच्या प्रतिनिधीपर्यंत मात्र पहिलीच बातमी पोचली आणि त्या खरिपात भाऊंना सगळा माल रोखीने उचलावा लागला.

खेळणं म्हटलेलं भाऊंना अजिबात खपत नाही. “खेळणं नाही, स्केल मॉडेल,” हे ते आयुष्यभर सांगत आले. पण कस्टमवाल्यांच्या पुस्तकात लहान मापाची मॉडेलं खेळण्यांच्याच रांगेत बसवलेली आहेत, आणि २०२०च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. त्यात एक पार्सल असं आलं, की भाऊंनी शुल्क भरून, पोस्टात सही करून, खोका हळुवार उलटा केला तर खाली छापलेलं, ‘मेड इन इंडिया’. मधल्या काही वर्षांत एअरफिक्सच्या बऱ्याच किटांचे भाग भारतातच ओतले जात होते. म्हणजे माल इथला, जहाजाने तिकडे गेला, तिथून परदेशी होऊन परत ढाणकीला आला. आमच्या कापसाचं दीडशे वर्षं हेच चाललं होतं, पण कापसाचे निदान धोतरजोडे होऊन येत.

वहिनींचं काय, असं प्रत्येक जण विचारतो. सुरुवातीची काही वर्षं भाऊ पार्सलांवर ‘तणनाशक’ असं लिहून ती माळ्यावर चढवत आणि उधारीच्या वहीत मागच्या पानापासून किटांचा हिशेब ठेवत. वहिनी वही मागूनच वाचतात हे त्यांना उशिरा कळलं. मोठं भांडण झालं. “वापरायचं नाही तर वस्तू घेता कशाला?” या प्रश्नावर भाऊ काही न बोलता आत गेले आणि कपाटावरचा बोनचायनाचा डिनर सेट घेऊन आले. लग्नात आलेला. मूळ खोका, मूळ गवत, वर नागपूरच्या दुकानाची चिठ्ठी. एकही ताटली कधी कुणाच्या पुढे आलेली नाही. वहिनींनी सेट हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, “नीट धरा, फुटंल.” तेव्हापासून घरात शांतता आहे.

शिवाय वहिनींच्या मनात आणखी एक हिशेब आहे. जवळच्याच फुलसावंगीत एका तरुणाने आपल्या हाताने खरंखुरं हेलिकॉप्टर बांधलं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना त्यात त्याचा जीव गेला. या पट्ट्यात तो विषय हसण्यावारी कुणी नेत नाही. भाऊंचं एकही विमान उडत नाही, एवढ्यावर वहिनी सगळं माफ करतात.

भाऊंना सल एकच. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवले, लोक तिकीट काढून बघतात. कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून चालू आहे, तिथे शाळांच्या सहली येतात. पुण्यात जमवलं की संग्रहालय आणि ढाणकीत जमवलं की अडगळ, असं का? तसे ते जोशींची रेल्वे बघून आले आहेत. गाड्या धावतात, सिग्नल पडतात, पोरं टाळ्या वाजवतात. भाऊ परत येऊन म्हणाले, “चांगलं आहे, पण सगळं उघडून ठेवलंय हो.”

तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी हेही स्केल मॉडेलच आहे आणि विदर्भाला ही कला कुणी शिकवायची गरज नाही, असाही त्यांचा एक मुद्दा असतो. त्याला टपरीवर उत्तर तयार असतं: “पन नंदी मिरवला का पोराले बोजारा भेटते. तुमच्या इमानाले कोन देईन?”

खरी यंत्रं मोडीत जातात तेव्हा मात्र भाऊ दुखवटा पाळतात. १९७१च्या युद्धातली विक्रांत १९९७ मध्ये निवृत्त झाली, २०१४ मध्ये तोडली, आणि तिचं पोलाद बजाजच्या व्ही मोटारसायकलच्या टाकीत गेलं. पुतण्याकडे ती गाडी आहे. तो दुकानात आला की भाऊ आधी टाकीला हात लावून नमस्कार करतात, मग पुतण्याला चहा विचारतात. ओझरच्या कारखान्यात वर्षानुवर्षं जुळणी झालेलं मिग-२१ विमान २६ सप्टेंबर २०२५ला निवृत्त झालं. चंदीगडला निरोपाचा समारंभ होता. इकडे भाऊंनी डोळे पुसले, वही मागून उघडली आणि मिगच्या तिन्ही खोक्यांचे भाव वाढवून लिहिले.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलाने बापाला कोंडीत पकडलं. “बाबा, आयुष्यात एक तरी विमान जुळवा. मी मदत करतो.” भाऊंना ते पटलं. नॅट विमानाचे दोन खोके होते, त्यातला जरा खराब असेल तो फोडायचा ठरलं. दोघं माळ्यावर गेले. एकाचा कोपरा किंचित दबलेला, पण त्याचं वेष्टन मूळ. दुसऱ्याचं वेष्टन फाटलेलं, पण चित्राचा रंग अगदी ताजा. रात्री जेवायला खाली आले ते निर्णय घेऊनच. हे दोन्ही ठेवायचे, फोडण्यासाठी तिसरा मागवायचा. मागवला आहे. फक्त तो फार चांगल्या अवस्थेत नसावा, असं भाऊंनी विकणाऱ्याला बजावून लिहिलंय.