मेट्रोपासून दोन मिनिटं

भाच्याने ठाण्यात मानपाड्याला जुन्या सोसायटीतला टू बीएचके घेतला. (ठाण्यातला मानपाडा. डोंबिवलीतला वेगळा, तो पुढे येईलच.) सौदा नव्वद लाखांचा. साक्षीला मी. दस्त नोंदवायच्या ऑफिसात यंत्र अंगठा घेईना, म्हणून भाचा तो पँटला पुसत होता. पुसता पुसता त्याने हिशेबाच्या कागदावर नजर टाकली. "मामा, हे सात टक्के कसले?"

पाच टक्के मुद्रांक शुल्क, एक टक्का एलबीटीचा, म्हणजे स्थानिक संस्था कराचा.

"एलबीटी तर गेला ना?"

गेला. २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांचा सुटला. त्याचा एक टक्का मात्र घर घेणाऱ्याच्या दस्तात मुक्कामाला राहिला. आणि सातवा टक्का मेट्रोचा, ठाण्यात १ एप्रिल २०२२ पासून.

"म्हणजे नव्वद हजार? मला मेट्रोत बसायचंय मामा, विकत नाही घ्यायची!"

समोरच्या खुर्चीत विकणारे काका शांतपणे पाण्याची बाटली उघडत होते. त्यांनी हाच फ्लॅट २००४ मध्ये बारा लाखांना घेतलेला. बारा ते नव्वद हा प्रवास काकांनी काही कष्टाने केला नाही. घोडबंदर रोडवर मेट्रोचे खांब उभे राहिले, हवेत भाव चढला. मेट्रोमुळे श्रीमंत कोण झालं? काका. मेट्रोचा अधिभार कोण भरतंय? भाचा. काकांना भांडवली नफ्यावर कर आहे, पण तो दिल्लीचा, आणि दुसरं घर घेतलं की त्यातूनही बऱ्यापैकी सुटका.

सरकारी भाषेत या प्रकाराला भारदस्त नाव आहे : व्हॅल्यू कॅप्चर. प्रकल्पामुळे जमिनीची किंमत वाढते, त्या वाढीतला वाटा प्रकल्पाला मिळावा. केंद्राने २०१७ मध्ये यासाठी धोरणाचा आराखडा काढला, त्यात दहा हत्यारं दिली. त्यातलं एक टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. कॅलिफोर्नियाने ते १९५२ मध्ये काढलं आणि शिकागोने डोक्यावर घेतलं. एखाद्या भागाचा आजचा मालमत्ता कर गोठवायचा, पुढे जी वाढ होईल ती (शिकागोत तेवीस वर्षं) त्याच भागाच्या प्रकल्पाकडे वळवायची, त्या भरवशावर कर्जही काढायचं. तिथेही शाळांच्या वाटणीचा पैसा पळवला म्हणून ओरड झाली आणि कॅलिफोर्नियाने २०१२ मध्ये हे राबवणाऱ्या संस्थांची दुकानं बंद केली. पण निदान तत्त्व असं, की ज्याची मालमत्ता वधारली त्याने दरवर्षी थोडं द्यावं.

आपल्याकडे ते जमायचं कसं? ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत मालमत्ता कर अजून करयोग्य मूल्यावर, म्हणजे कागदोपत्री भाड्यावर. जुन्या इमारतीचं ते भाडं खांब बघून हलत नाही. बाजारात फ्लॅट नव्वद लाखांचा, महापालिकेच्या वहीत तो अजून २००४ च्या आसपास राहतो. वाढ वहीत दिसतच नाही, तर वळवणार काय? मग ती पकडायची जागा एकच उरते : जिथे माणूस पळून जाऊ शकत नाही, म्हणजे अंगठ्याच्या यंत्रासमोर.

हे सगळं परदेशातून शिकायला हवं होतं असंही नाही. मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या नगररचना कायद्यात सुधार आकार होता. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातही योजनेमुळे भूखंडाची जी किंमत वाढेल, तिच्या निम्म्यापर्यंत अंशदान भूखंडाच्या मालकाकडून घ्यायची सोय आहे. मालकाकडून! पण मालकाला मत असतं, नगरसेवकाचा नंबर असतो. घर शोधणारा भाचा अजून त्या वॉर्डात राहायलाही आलेला नसतो.

त्या दहा हत्यारांत मोकळ्या जमिनीवरचा करही आहे. कल्याण-डोंबिवलीत तो आधीपासूनच होता. बिल्डरांनी परवडत नाही म्हणून गळा काढला आणि तो कमी झाला. त्याच डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारतींनी महापालिकेची खोटी परवानगी दाखवून रेराची नोंदणी मिळवली, आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. तिथे घर घेतलेल्यांनीही मुद्रांक शुल्क भरलंच होतं. शुल्क घेताना कुणी इमारत खरी की खोटी विचारलं नाही.

आता ठाण्याला वर्तुळाकार मेट्रोही मिळाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केली : २९ किलोमीटर, २२ स्थानकं, १२,२०० कोटी, मुदत २०२९. पैसा उभा करायच्या मार्गांत व्हॅल्यू कॅप्चर आहे, शिवाय स्थानकांची नावं विकणंही. मुंबईत सिद्धिविनायकाच्या पुढे विमा कंपनी लागलीच आहे. विघ्नहर्त्यालाही पॉलिसी काढावी लागली. ठाण्याच्या यादीत काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. तिथली तिसरी घंटा कुठल्या बँकेच्या सौजन्याने होणार, बघू. खरं सांगू, नावं विकणं मला यात सगळ्यात प्रामाणिक वाटतं. तिथे निदान ज्याला फायदा तोच पैसे मोजतो.

आणि कल्याणकर? फडके मैदानावर १८ डिसेंबर २०१८ ला ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं भूमिपूजन झालं, पंतप्रधानांच्या हस्ते. कल्याणकर अजून सकाळी ८ च्या फास्टला लटकतोय.

अंगठा उमटला, शिक्के बसले. बाहेर आल्यावर भाच्याने काकांना विचारलं, आता तुम्ही राहणार कुठे?

"मानपाड्यालाच," काका म्हणाले. "डोंबिवलीच्या. नवी बिल्डिंग आहे."

त्यांनी पिशवीतून घडी पडलेलं माहितीपत्रक काढलं. कल्याण-तळोजा मेट्रोचं काम तिथूनच चाललंय म्हणे. वर ठळक अक्षरांत छापलं होतं : मेट्रोपासून फक्त दोन मिनिटं. काका खालच्या बारीक ओळींवर बोट फिरवत थांबले आणि मला म्हणाले, "हे सात टक्के कसले हो?"