समितीने तसदी घेऊ नये

माननीय संसदीय स्थायी समित्यांनो,



तुम्ही विधेयके वाचता, अशी तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. म्हणून हे अनावृत पत्र.

आधारचे पहिले विधेयक तुमच्याकडे आले. यशवंत सिन्हांच्या समितीने डिसेंबर २०११ मध्ये ते नापसंत ठरवले. तोवर कायदा नसतानाच लोकांच्या बोटांचे ठसे घेणे चालू होते, पुढेही चालूच राहिले. २०१६ साली सरकार शहाणे झाले. आधारला धन विधेयकाचा पोशाख चढवला. राज्यसभेच्या पाच दुरुस्त्या लोकसभेने त्याच दिवशी फेटाळल्या, आणि तुमची पायरी चढावीच लागली नाही.

डीएनए विधेयकाचेही तुम्ही तेच केलेत. जात, धर्म, राजकीय मते पाहून लोकांना हेरायला डीएनएची माहिती वापरली जाईल, ही भीती अगदीच निराधार नाही, असे फेब्रुवारी २०२१च्या अहवालात लिहून बसलात. २०२३ मध्ये सरकारने विधेयकच मागे घेतले. किती हा विध्वंस!

याउलट २०२२चा फौजदारी ओळख कायदा पाहा. १९२०च्या कायद्यात साहेबाचे बोटांच्या-पावलांच्या ठशांवर आणि फोटोवर भागत होते. आपण बुबुळे, डोळ्यांचा पडदा, जैविक नमुने आणि त्यांचे विश्लेषण यांपर्यंत प्रगती केली. शिक्षा व्हायलाच हवी असे नाही, अटक पुरे. (किरकोळ गुन्ह्यात जैविक नमुना नाकारता येतो. पोलीस ठाण्यात उभे राहून नाकारून पाहावा.) नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे (एनसीआरबी) ७५ वर्षे. निर्दोष सुटल्यास पुसतात, पण आधी शिक्षा झालेली नसावी आणि सगळे कायदेशीर मार्ग संपलेले असावेत. आपल्या कोर्टांचा वेग पाहता ७५ वर्षे आधी संपायची.

हे विधेयक समितीकडे पाठवा, असे विरोधक सांगत होते. सुदैवाने कोणी ऐकले नाही. २८ मार्चला मांडले, ६ एप्रिलला दोन्ही सभागृहांतून पार. बाळाचे बारसेसुद्धा बाराव्या दिवशी असते. याचे दहाव्या दिवशीच उरकले.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे आमच्या रक्ताचा, लाळेचा, बुबुळांचा विषय निघाला तर तुम्ही चहा घेत बसावे. साक्षीदार बोलावू नयेत. तज्ज्ञांना तर मुळीच नाही, ते शंका काढतात.

आपला,
एक नागरिक

ता. क. पत्र टाइप केले आहे आणि खाली सही नाही, याचा राग नसावा. सही आणि हस्ताक्षर या दोन्ही गोष्टी त्याच कायद्याने ‘मोजमापां’त धरल्या आहेत.