लेखी आश्वासनाची लाइफलाइन

दिवसाढवळ्या चालणारा, तीन दशके टिकलेला प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम महाराष्ट्रात एकच आहे आणि त्याचा मूळ स्टुडिओ पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या यादवबाबा मंदिरात आहे. सूत्रसंचालक अण्णा हजारे, हॉट सीटवर त्या त्या वेळचे सरकार. उपाशी राहायचे ते प्रश्न विचारणाऱ्याने, त्यामुळे स्पर्धकाला उत्तराची घाई नसते. ऑगस्ट २०११ मध्ये रामलीला मैदानावर सांगता झालेल्या तेरा दिवसांच्या विशेष भागाने वाहिन्यांना दुसरे काही दाखवू दिले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईचे एमएमआरडीए मैदान काही भरले नाही आणि कार्यक्रम दुसऱ्याच दिवशी गुंडाळला गेला. तेव्हापासून उतरणीची कारणे पाठ झाली आहेत : अण्णांचे वय झाले, शिष्य पक्ष काढून निघून गेले, कॅमेऱ्यांनी पाठ फिरवली.

यातले एकही कारण डिसेंबर २०१३ पुढे टिकत नाही. अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते, शिष्य दिल्ली जिंकण्यात गुंतले होते, मैदान राजधानीचे नसून गावचे होते. तरी १० तारखेला बसलेले अण्णा १८ तारखेला उठले ते लोकपाल विधेयक संसदेत मंजूर झाल्यावरच. कुणी म्हणेल, ही करामत उपोषणाची नव्हे, दिल्लीच्या निकालाने भरलेल्या धडकीची. असेलही. पण धडकी भरलेल्या माणसालाही नेमके काय केले की सुटका होईल, हे कळावे लागते. इथे ते कळत होते. विधेयक राज्यसभेत पडून होते, प्रश्न एकच होता : मंजूर करता की नाही? आळंदीचे २००६ चे उपोषणही असेच. फाइलींवरचे शेरे माहिती अधिकारातून वगळायचे की नाही, एवढाच सवाल, आणि केंद्र सरकारला दुरुस्ती गुंडाळावी लागली.

पुढे प्रश्नपत्रिका फुगली. मार्च २०१८ मध्ये रामलीलावर लोकपाल, शेतमालाचा भाव आणि निवडणूक सुधारणा असे सगळे विषय एकदम. एवढ्या विस्तृत प्रश्नांना सरकार निबंधच लिहिणार. तो निबंध घेऊन देवेंद्र फडणवीस सातव्या दिवशी हजर झाले. २०१९ मध्ये राळेगणलाही सातवाच दिवस, फडणवीसच आणि पुन्हा आश्वासनच. जानेवारी २०२१ मध्ये तर उपोषणाच्या आदल्या दिवशीच फडणवीस पोचले, म्हणजे प्रश्न वाचून होण्याआधीच लाइफलाइन वापरून झाली. अण्णा सरकार बघून प्रश्न काढतात, असा आरोप यावरून होतो. तो पुरता पटत नाही. युतीच्या मंत्र्यांमागे ते लागले होते, आघाडीच्याही. तेव्हा मात्र मंत्र्याचे नाव, प्रकरण, कागद असा नेमका मामला असे.

आश्वासनानेच तर लोकपाल आला ना, हा दुसरा आक्षेप. कायदा जानेवारी २०१४ चा, पहिले लोकपाल न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष नेमले गेले मार्च २०१९ मध्ये. कायदा करा म्हटले, त्यांनी केला. माणूस केव्हा नेमणार हे कायद्यात विचारायचे राहिले, सरकारनेही आपणहून सांगितले नाही. शेवटी त्याच मार्चच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने निवड समितीची बैठक कधी ते दहा दिवसांत सांगा, असे बजावले आणि महिना संपायच्या आत शपथविधी उरकला. न्यायालयाला त्यासाठी एक जेवणही चुकवावे लागले नाही.

नवे पर्व काढायचे तर मंडप, ओबी व्हॅन, तरुण सूत्रसंचालक यांची चर्चा नंतर करावी. आधी लेखी आश्वासनाची लाइफलाइन बंद करावी आणि प्रश्न एकच ठेवावा. हाताशी आहे तो. ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकपाल कार्यालयाने सात बीएमडब्ल्यू गाड्यांसाठी निविदा काढली होती, संख्या आणि मॉडेल अगदी स्पष्ट नमूद करून. इतक्या काटेकोर कार्यालयाला विचारावे : स्थापनेपासून आजवर किती बड्या भ्रष्टाचाऱ्यांवर खटला चालवायला मंजुरी दिलीत? उत्तर आकड्यात. सकारात्मक विचार सुरू आहे, हे चुकीचे उत्तर धरले जाईल.