खडवलीत राहून स्वस्तात डबल पेडल: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी स्पष्ट करू. तुम्ही खडवलीला राहता. वय सतरा ते पंचवीस. दोनेक वर्षे ड्रम वाजवता आणि घरच्यांनी विरोध करून करून आता नाद सोडला आहे. तुमच्याकडे दहा-बारा हजार रुपये साठले आहेत. या रकमेवर गाडीच्या इन्शुरन्सचा, मंडळाच्या वर्गणीचा आणि धाकट्या बहिणीच्या मोबाइलचा डोळा आहे. तेव्हा घाई केलीच पाहिजे, फक्त ती हे वाचून झाल्यावर करा.

वस्तू काय आहे

ड्रमसेटमधला सगळ्यात मोठा, जमिनीवर आडवा ठेवलेला तो बास ड्रम. तो पायाने वाजतो. शिकागोच्या लुडविग बंधूंनी 1909 मध्ये वेगाने चालणारे पेडल बाजारात आणले आणि उजव्या पायाला कायमची नोकरी लागली. डावा पाय हायहॅटच्या झांजा उघडझाप करत बसला. पुढे लुई बेल्सन नावाच्या अमेरिकन पोराने शाळेत असतानाच दोन बास ड्रमच्या सेटचे चित्र काढले आणि मोठेपणी तो सेट खरोखर वाजवला. पण 22 इंची दोन ड्रम शेजारी शेजारी ठेवले तर पावणेचार फूट जागा नुसती तेवढ्यातच जाते. तुमच्या हॉलमध्ये दिवाण आहे, फ्रिज आहे, आजोबा आहेत. यावरचा तोडगा म्हणजे डबल पेडल: ड्रम एकच, त्यावर आपटणारे दोन बीटर, उजव्या पायाखाली मुख्य पेडल, डाव्या पायाखाली दुसरे, आणि दोघांना जोडणारी एक लोखंडी दांडी. अमेरिकेच्या ड्रम वर्कशॉप कंपनीचे 5002 हे पेडल 1983 मध्ये आले आणि तेव्हापासून ही मांडणी रूढ झाली.

ती दांडी लक्षात ठेवा. पुढचे निम्मे मार्गदर्शन तिच्याबद्दल आहे.

गरज आहे का

ही पायरी कोणताही दुकानदार सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. 1 फेब्रुवारी 2008 ला आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड मुंबईत वाजवून गेला. त्यांचे तेव्हाचे ड्रमर निको मॅकब्रेन यांनी जवळजवळ सगळी कारकीर्द एका पेडलवर काढली आहे. लेड झेपेलिनच्या जॉन बोनमच्या उजव्या पायाची तीन-तीन ठोक्यांची लड ऐकून लोक आजही विचारतात की दुसरे पेडल कुठे लपवले होते. नव्हतेच.

हे वाचून तुमचे मत बदलणार नाही, याची आम्हाला कल्पना आहे. निदान एक चाचणी करा. खुर्चीवर बसा, मोबाइलवर मेट्रोनोम 120 वर लावा आणि एका टिकेत चार याप्रमाणे दोन्ही पाय आळीपाळीने जमिनीवर आपटा. म्हणजे सेकंदाला आठ ठोके, प्रत्येक पायाच्या वाट्याला चार. अर्ध्या मिनिटात डावा पाय मागे पडेल आणि पोटरी भरून येईल. साहजिक आहे. आजवर त्या पायाने हायहॅट दाबण्यापलीकडे आणि गाडीचे गिअर टाकण्यापलीकडे काही केलेले नाही. मेटलवाले हेच 200 वर वाजवतात, तेव्हा सेकंदाला तेरा ठोके होतात. कोणतेही पेडल तुमच्या डाव्या पायाला हे शिकवून येत नाही. दहा हजारांचेही नाही, पन्नास हजारांचेही नाही. खुर्चीवरचा हा सराव महिनाभर केलात तर खरेदी एक महिना पुढे जाईल, हा आणखी एक फायदा.

दांडी

आता दांडी. उजव्या पेडलचे सगळे सरळ असते: पाय दाबला, साखळी ओढली गेली, बीटर गेला. डाव्या पायाचे तसे नाही. त्याने दाबलेले पेडल आधी दांडी फिरवते, दांडी उजव्या बाजूचा आस फिरवते आणि मग कुठे डावा बीटर हलतो. या प्रवासात दोन टोकांना दोन युनिव्हर्सल जॉइंट असतात आणि मधोमध दांडी कमी-जास्त लांब करायची सोय असते. म्हणजे तुमच्या पायाचा जोर गळण्याच्या तीन जागा. डावे पेडल नेहमी जड आणि आळशी वाटते ते यामुळे. महाग पेडल आणि स्वस्त पेडल यांतला खरा फरक याच तीन जागी असतो. बाकी सगळे रंग आणि नाव.

हे समजून घ्यायला मुंबईला जायची गरज नाही. पडघ्याकडे नाशिक हायवेवर जा, ट्रकच्या कोणत्याही गॅरेजात उभे राहा. इंजिनपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला हाच जॉइंट असतो. मिस्त्री गाडीखाली सरकतो, शाफ्ट हाताने धरून उलटसुलट पिळतो आणि वर न बघता सांगतो, "क्रॉस गेलाय." तुम्हीही दुकानात तेच करायचे आहे. पेडल गालिच्यावर मांडायला सांगा. खाली बसा. डावा फूटबोर्ड पायाने नव्हे, हाताने, अगदी सावकाश दाबा आणि नजर बीटरवर ठेवा. हात बोटभर खाली गेला आणि बीटर अजून विचारच करतो आहे, तर ते पेडल परत द्या. बीटर लगेच हलला तर पुढची परीक्षा: एका हाताने बीटर घट्ट धरून दुसऱ्या हाताने फूटबोर्ड हलवा. टकटक आवाज आला म्हणजे प्ले आहे, जॉइंट ढिला आहे. नव्या पेडलला इतका प्ले तर दोन वर्षांनी काय होईल, याचा हिशेब करा.

मग दांडीचा मधला भाग बघा. ती नुसती गोल नळीत गोल गज अशी असेल, तर स्क्रू जरा ढिला झाला की गज नळीत फिरणार, आणि तुमचा बीटर ऐन गाण्यात ड्रमऐवजी छताकडे तोंड करून बसणार. गजाला सपाट बाजू किंवा षटकोनी आकार असेल तर तो फिरत नाही. ही गोष्ट फोटोत दिसते. तरीही खोक्यावरच्या यादीत तिचा उल्लेख बहुधा नसतो, कारण तिथे डबल चेन लिहायला जागा लागते.

डबल चेनबद्दल: एक साखळी पुरते. तुम्ही सायकल एका साखळीवर नाशिकपर्यंत नेऊ शकता. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे साखळीऐवजी न वाकणारी पट्टी, हा प्रकार चांगला आहे, पण स्वस्तात तो घेतला तर प्ले असण्याच्या जागा आणखी वाढतात. खाली लोखंडी बेस प्लेट असलीच पाहिजे, दोन्ही पेडलना. आणि "सात प्रकारे ॲडजस्ट होते" या वाक्याला भुलू नका. स्वस्त पेडलमध्ये सात ॲडजस्टमेंट म्हणजे सात स्क्रू, आणि सातही ढिले होतात.

नावे हवीच असतील तर पर्लचे पी-932 आणि तामाचा आयर्न कोब्रा 200 ही जोडपेडले नवशिक्यांच्या तोंडी असतात. नवीन घ्यायला तुमच्या बजेटला ती ताण देतील. म्हणून पुढची पायरी.

जुने घेणे

जुने डबल पेडल विकणारा माणूस बहुतेक वेळा एखाद्या मोडलेल्या बँडमधला असतो. तो डोंबिवलीहून येतो, तुम्ही खडवलीहून जाता आणि भेट ठरते कल्याण स्टेशनवर, इंडिकेटरखाली. इथे पेडल कशाला लावून बघणार? जिन्याच्या कडेला जमिनीवर मांडा आणि वर सांगितलेली हाताची परीक्षा घ्या. येणारे-जाणारे थांबतील, टीसीही थांबेल; त्याला रिटर्न तिकीट दाखवा.

विकणाऱ्याला "का विकताय?" हे विचारू नका. उत्तर ठरलेले असते: नोकरी लागली, लग्न ठरले, गुडघा गेला. त्याऐवजी ड्रम की, म्हणजे स्क्रू फिरवायची चावी, मागा आणि प्रत्येक स्क्रू एकदा सोडवून परत आवळून बघा. आटे गेलेला स्क्रू चिडचिड्या माणसासारखा फिरतच राहतो. स्प्रिंगचा आकडा वाकून उघडला आहे का, बीटरचा गज सरळ आहे का, हूपला, म्हणजे ड्रमच्या कड्याला, धरणाऱ्या क्लॅम्पचे रबर शाबूत आहे का, एवढे बघा. साखळीवरचा गंज घासून जातो. जॉइंटमधला जात नाही.

आणि भाव फारच कमी असेल तर थांबा. ते डावखुऱ्यांचे पेडल असू शकते. त्यात मुख्य पेडल डाव्या पायाखाली येते, दांडी उलट बाजूला जाते, आणि उजव्याने वाजवणाऱ्याला ते घरी नेऊन मांडेपर्यंत काही कळत नाही.

घरी आणणे

डबल पेडल बॅगेसकट पाच-सहा किलोच्या पुढेच भरते आणि त्याचा प्रत्येक कोपरा कोणाच्या तरी नडगीच्या उंचीवर असतो. संध्याकाळच्या गाडीत ते मांडीवर घेऊन बसता येत नाही, कारण बसताच येत नाही. लगेज डबा बघा. तिथले भाजीवाले, दूधवाले आणि पाट्या सांभाळणारे लोक लोखंडाला नावे ठेवत नाहीत. मात्र गाडी कोणती ते नीट ऐका. टिटवाळा लोकल टिटवाळ्याला संपते आणि खडवली त्याच्या पुढचे स्टेशन आहे. आसनगाव किंवा कसारा पकडा. हाती नवे पेडल असलेला माणूस घाईघाईत टिटवाळा लोकलमध्ये चढतो आणि मग बाप्पाच्या गावी प्लॅटफॉर्मवर बॅग पायाशी घेऊन पुढची गाडी येईपर्यंत उभा राहतो. तेवढ्यात डाव्या टाचेचा सराव करून घ्यावा.

मांडणी आणि शेजारी

घरी पोचल्यावर आई बॅग उघडून बघेल आणि म्हणेल, "हे काय, शिलाई मशिनचा पाय आणलास?" चिडू नका. तिचे निरीक्षण चूक नाही, आणि शिवाय घरात मशिनच्या तेलाची छोटी बाटली कुठे आहे हे फक्त तिला माहीत आहे. तेच तेल पेडलच्या बेअरिंगला आणि दोन्ही जॉइंटना थेंबभर चालते. थेंबभर म्हणजे थेंबभर. खडवलीत जून ते सप्टेंबर भातसा नदीवरून येणारा दमटपणा भिंतीत मुरतो, तो तुमच्या साखळीला सोडणार नाही. पावसाळ्यात वाजवून झाले की तेलकट फडक्याने पुसा. खोबरेल लावू नका, मुंग्या येतात.

आता फरशी. गुळगुळीत टाइल्सवर डावे पेडल दर ठोक्याला पुढे सरकते आणि चौथ्या मिनिटाला तुमचा पाय गुडघ्यापासून सरळ झालेला असतो. खाली सतरंजी घातली तर सतरंजीसकट सरकते. उत्तम उपाय म्हणजे तबेल्यात म्हशींखाली घालतात ती जाड रबरी मॅट. कल्याण परिसरात तबेल्यांची कमतरता नाही, एक तुकडा मिळून जातो. घरात आणण्याआधी धुवा, दोनदा धुवा.

आवाजाचे दोन भाग असतात. एक हवेतून जातो. तो उशा, गाद्या आणि जुनी ब्लँकेटे ड्रममध्ये कोंबून कमी होतो. दुसरा स्लॅबमधून जातो आणि खालच्या काकूंच्या डोक्यावर उतरतो. त्याला ड्रमरमंडळींनी एक नामी युक्ती काढली आहे: प्लायवुडच्या दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू अडकवून त्यावर सगळा सेट ठेवायचा. परदेशात यासाठी चेंडू विकत आणतात. आपल्याकडे टेनिस क्रिकेटच्या एका स्पर्धेनंतर मैदानाच्या कडेला पोते भरून मेलेले चेंडू मिळतात.

कायदाही ऐकून ठेवा. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा, आणि 2010 च्या दुरुस्तीनंतर रात्रीच्या बंदीत वाद्यांचाही उल्लेख आला. ड्रमसेट जोरात वाजला तर शंभर डेसिबल सहज ओलांडतो, त्यामुळे दिवसासुद्धा तुम्ही कायद्याच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या दयेवर आहात. 1986 मध्ये सुरू झालेला आय-रॉक हा रॉक संगीताचा महोत्सव बरीच वर्षे धोबी तलावच्या रंगभवनात भरत असे. आजूबाजूला रुग्णालय आणि कॉलेज असल्याने तिथलाही आवाज शेवटी बंदच झाला. तुमच्या बिल्डिंगचे सेक्रेटरी त्यापेक्षा जवळ राहतात. दुपारी चार ते सहा वाजवा. हळदीची मिरवणूक दारावरून जात असेल तेव्हा बिनधास्त वाजवा, कोणाला पत्ता लागणार नाही.

खर्च जे कोणी सांगत नाही

बीटर जिथे आपटतात तिथे ड्रमच्या कातडीवर लावायचा दुहेरी पॅच. एक जादा स्प्रिंग. स्वतःची ड्रम की, कारण मित्राची परत करावी लागते. आणि हायहॅटचा ड्रॉप क्लच: दोन्ही पाय पेडलवर गेले की हायहॅट दाबायला पाय उरत नाही, झांजा उघड्या पडतात आणि सगळे गाणे पत्र्यावरच्या पावसासारखे वाजते. क्लचवर काठी मारली की वरची झांज खालच्यावर आपोआप बसते. हे सगळे धरून बजेटमधले दीड-दोन हजार आधीच बाजूला काढा.

कुठे वाजवणार

खडवली, वासिंद, पडघा या पट्ट्यात मेटल बँडला बोलावणारे लग्न अजून झालेले नाही. काम मिळते ते हळदीच्या रात्री, टेम्पोवर वाजवत जाणाऱ्या बेंजो पार्टीत. तिथे ड्रमसेट नसतो, काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड असतो. पण निराश होऊ नका. बऱ्याच ऑक्टोपॅडना मागे किक ट्रिगरची सॉकेट असते, तिला ट्रिगर पॅड जोडला की तुमचे डबल पेडल त्यावर चालते. पार्टीच्या मालकांना भेटा, नम्रपणे समजावून सांगा, करून दाखवा. ते शेवटपर्यंत ऐकून घेतील. मग सांगतील की ऑक्टोपॅड पुतण्या वाजवतो, तुला पायाचे वाजवायचे तर वाजव, जेवण आणि पाचशे. तुम्ही पेडल लावून तयार बसलात की टेम्पो सुटायच्या आधी ते एकदा मागे वळून बघतील.

"हात मोकलेच हान ना तुजे? मंग ह्यो खुलखुला धर."