रात्री जागं कोण असतं?

आठवडाभर बोटीवर मुक्काम करून डायव्हिंग करायला निघालेल्या माणसाशी बोलून बघा. नवा मास्क घेतलेला असतो, डायव्ह कॉम्प्युटर घेतलेला असतो, कॅमेऱ्याच्या हाउसिंगवर विमानाच्या तिकिटाइतका खर्च झालेला असतो. मालदीवमध्ये मांटा कुठल्या महिन्यात कुठे दिसतात हेही त्याला तोंडपाठ असतं. ज्या बोटीवर सात रात्री झोपायचं तिच्याबद्दल मात्र माहिती एवढीच, की केबिनला एसी आहे आणि जेवण बरं असतं.

पैसे भरण्याआधी बोटवाल्याला एक प्रश्न विचारा. रात्री तुमच्या बोटीवर जागं कोण असतं?

2 सप्टेंबर 2019. कॅलिफोर्नियाजवळ सांताक्रूझ बेटापाशी ‘कन्सेप्शन’ ही डायव्हिंगची बोट नांगरून उभी होती. पहाटे तीनच्या सुमारास मुख्य डेकवरच्या बैठकीच्या खोलीत आग भडकली. सगळे प्रवासी डेकखाली बंकवर झोपलेले. वर यायला एक जिना होता आणि एका बंकच्या वर संकटकाळची झडप होती. दोन्ही वाटा त्या पेटलेल्या खोलीतच उघडत होत्या. 33 प्रवासी आणि त्यांच्यासोबत खाली झोपलेली एक कर्मचारी, असे 34 जण गेले. त्यांत भारतातून तिकडे गेलेली माणसंही होती. वरच्या मजल्यावर झोपलेला कप्तान आणि चार कर्मचारी वाचले.

रात्रभर बोटभर फिरून पहारा ठेवायचा, ही अट त्या बोटीच्या परवान्यातच होती. बोट सरकारी तपासणीत उत्तीर्णही झाली होती. पण त्या रात्री पहाऱ्यावर कोणीच नव्हतं. आग नेमकी कशाने लागली ते चौकशीतही ठरलं नाही. ती वेळेवर कुणाला का दिसली नाही, ते मात्र पक्कं ठरलं. कप्तानाला 2023 मध्ये दोषी ठरवलं गेलं, पुढच्या वर्षी चार वर्षांची शिक्षा झाली.

तांबड्या समुद्रात जून 2023 मध्ये ‘हरिकेन’ बोट पेटली, तीन डायव्हर गेले. नोव्हेंबर 2024 मध्ये ‘सी स्टोरी’ पहाटेच्या अंधारात उलटून बुडाली. तिच्यावरचे अनेक जण केबिनमध्येच अडकले.

मला राग येतो तो इथे. पाण्याखाली डायव्हर कशावरही आंधळा विश्वास टाकत नाही. उडी मारण्याआधी जोडीदाराचं रेग्युलेटर, पट्टे, हवा सगळं तपासतो. वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतो. दिवसाला तीन-चार डायव्ह झाल्या की रक्तात आणि पेशींत नायट्रोजन साठत जातो, म्हणून शेवटच्या डायव्हनंतर निदान 18 तास विमानात पाय ठेवत नाही आणि परतीचं तिकीट त्याच हिशेबाने काढतो. (काढत नसेल तर त्याने आधी तेवढं करावं. आणि तारकर्लीला प्रशिक्षकाने धरून एकदा खाली नेलं, एवढ्या भांडवलावर अशा सहलीला जाऊच नये.) हाच शिस्तीचा माणूस बोटीवर चढला की झोपताना जीव अनोळखी माणसांच्या हवाली करतो. रात्रपाळीचा वॉचमन नसलेल्या सोसायटीत आपण फ्लॅट घेताना दहादा विचार करतो. इथे तर जमीनच मैलोगणती लांब असते.

तेव्हा विचाराच. केबिनमधून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत का, आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी उघडतात का? धूर ओळखणारा अलार्म केबिनमध्ये आहे का, बैठकीच्या खोलीत आहे का? कॅमेऱ्याच्या आणि टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करायच्या? उत्तर ‘केबिनमध्ये’ असेल तर बोट बदला. लिथियमची बॅटरी पेटली तर ती विझवणं सोपं नसतं, म्हणून चार्जिंग दिवसा, उघड्यावर, कुणाच्या तरी डोळ्यांसमोर व्हायला हवं. विम्यात डायव्हिंगचा आजार आणि दाबकक्षातले उपचार धरले आहेत का, तेही याच वेळी तपासा. साध्या प्रवासविम्यात ते बऱ्याचदा नसतात.

‘आजवर काही झालेलं नाही’ हे उत्तर मान्य करू नका. चांगला बोटवाला पहाऱ्याच्या पाळ्या सांगतो, पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना वाटा दाखवतो, लाइफ जॅकेट घालून दाखवतो. त्याने दाखवलं नाही तर तुम्ही मागा, आणि संकटकाळची झडप स्वतःच्या हाताने उघडून त्यातून एकदा वर चढा. मग पहिल्या रात्री दोनचा गजर लावून डेकवर चक्कर मारा. पहारेकरी दिसला नाही तर सकाळच्या पहिल्या ब्रीफिंगला, सगळ्यांच्या देखत, कप्तानाला त्याबद्दल विचारा.